केसांची घरगुती निगा : ओलाव्यापासून पांढरे केस झाकण्यापर्यंत



"हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत," हे वाक्य आपण प्रत्येकाने घरात कधी ना कधी ऐकलेलं असतं. मोठी माणसं ते अनुभवाच्या जोरावर म्हणतात. पण उद्या वर्गात एखाद्या मुलीने विचारलं, "सर, मग केस पांढरे होतात तरी कशाने?" तर नेमकं उत्तर देता यायला हवं. तिचा पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा असू शकतो : "माझी आई काळी मेंदी लावते, ती चांगली असते ना?"

केसांची निगा हा प्रत्येक घरातला विषय आहे. शनिवारी रात्री तेल, रविवारी न्हाणं, महिन्यातून एकदा मेंदी किंवा डाय. यातलं बरंचसं आपण ऐकीव माहितीवर करतो. आजच्या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत : केसांना ओलावा कसा मिळतो, केस का पिकतात आणि ते झाकायचे असतील तर सुरक्षितपणे कसे झाकायचे. शेवटी वर्गात घेता येतील असे तीन सोपे उपक्रम दिले आहेत.

१) आधी केस समजून घेऊया

आपल्याला दिसतो तो केस जिवंत नसतो. त्यात रक्त नाही, नसा नाहीत, म्हणून तर तो कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते त्वचेच्या आत रुतलेलं केसाचं मूळ. तिथे पेशी तयार होतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, मरतात आणि मागून येणाऱ्या पेशी त्यांना वर ढकलतात. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वी उगवलेलं असतं! इतकी वर्षं त्याने ऊन, धूळ, कंगवा, साबण सगळं सोसलेलं असतं. टोकं दुभंगतात ती यामुळेच.

केसाची रचना पेन्सिलीसारखी समजा. बाहेरचं आवरण कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचं असतं, त्याला क्यूटिकल म्हणतात. आतला मुख्य भाग म्हणजे कॉर्टेक्स. केसाची ताकद आणि रंग दोन्ही इथेच असतात. जाड केसांत अगदी मधोमध मेड्युला नावाचा पोकळसर गाभाही असतो.

आता या पाठाचं मुख्य सूत्र फळ्यावर लिहून ठेवूया : केस मेलेला आहे, पण त्याच्याखालची त्वचा जिवंत आहे. तुटलेला केस कोणत्याही मास्कने "बरा" होत नाही, त्याची फक्त पुढची झीज थांबवता येते. त्वचा मात्र जे लागेल त्याला प्रतिसाद देते. कधी चांगला, कधी फार वाईट. पुढचा प्रत्येक उपाय याच कसोटीवर पाहायचा आहे.

२) धुणे : निगेची पहिली पायरी

आपण विज्ञानात सामू शिकवतो. टाळूच्या त्वचेचा सामू साधारण ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. अंगाला लावायच्या नेहमीच्या साबणवडीचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो. आम्लारीधर्मी पाण्यात केस फुगतो, क्यूटिकलचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. साबणाने धुतलेले केस राठ आणि गुंतलेले लागतात ते म्हणून. त्यात पाणी बोअरचं, जड असेल तर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा सल्लाही याच कारणासाठी टाळावा.

आपल्या आज्यांच्या शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन नावाची फेस करणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. ती साबणासारखी आम्लारीधर्मी नसतात, त्यामुळे केसांचे खवले तितके उघडत नाहीत. मात्र रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं की भयंकर चुरचुरतं, लहान मुलांना लावताना सांभाळा. सौम्य शांपूही चालतो. तो फक्त टाळूला चोळायचा. खाली ओघळणाऱ्या फेसाने टोकं आपोआप स्वच्छ होतात.

३) ओलावा म्हणजे काय? तेल म्हणजे ओलावा का?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ओलावा म्हणजे पाणी. तेल म्हणजे ओलावा नव्हे. तेल केसावर थर करून आतलं पाणी टिकवायला मदत करतं.

केस पाणी किती शोषतो? पूर्ण भिजला तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत. हवेतल्या बाष्पानेसुद्धा केसाची लांबी किंचित वाढते. या गुणाचा उपयोग करून स्विस शास्त्रज्ञ ओरास बेनेदिक्त द सोस्यूर यांनी अठराव्या शतकात माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक बनवला. त्यांचा त्यावरचा ग्रंथ १७८३ चा आहे. पावसाळ्यात केस का फुलतात, याचं उत्तर मुलांना देताना हे उदाहरण जरूर सांगा.

पण पाणी जास्त झालं तरी त्रास होतो. ओला केस फुगलेला आणि नाजूक असतो. तो रबरासारखा ताणला जातो आणि लवकर तुटतो. वरचेवर फुगणं-सुकणं चालू राहिलं की खवले सैल होतात. म्हणून न्हाऊन आल्या आल्या बारीक फणी घालू नये. पंचाने टिपून घ्यावं, खसाखसा पुसू नये. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवावा आणि मग हळूहळू वर यावं.

आता खोबरेल तेलाबद्दल. त्यात लॉरिक आम्ल भरपूर असतं आणि त्याचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरू शकतात. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून होणारी प्रथिनांची गळती खोबरेल तेलाने कमी झाली, बाकी दोन तेलांनी तसं झालं नाही. तेल न्हाण्याआधी लावलं तरी हा फायदा दिसला. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावण्याची आपली पद्धत चांगली आहे. फक्त एक अट : कोंडा असेल तर रात्रभर टाळूवर तेल थापू नका. कोंड्याशी संबंधित मलॅसेझिया ही बुरशी तेलकटपणावरच पोसते. अशा वेळी तेल केसांच्या खालच्या भागाला लावा आणि टाळूसाठी कोंड्याचा औषधी शांपू डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून वापरा.

४) घरच्या घरी खोलवर ओलावा देण्याची कृती

पार्लरमध्ये ज्याला डीप कंडिशनिंग किंवा हेअर स्पा म्हणतात, त्यातलं महत्त्वाचं काम घरी होऊ शकतं. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. फारच रुक्ष केसांना आठवड्यातून एकदा.

• पायरी पहिली : न्हाण्याआधी तास-दोन तास कोमट खोबरेल तेल दोन चमचे घ्या आणि केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावा.

• पायरी दुसरी : सौम्य शांपूने किंवा शिकेकाईने टाळू धुवा. केस पिळून नव्हे, तर दाबून पाणी काढा.

• पायरी तिसरी : ओलसर केसांना कंडिशनर लावा. धुतलेल्या आणि झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन भार असतो. म्हणून तो जिथे जास्त झीज आहे तिथेच जास्त चिकटतो. टाळूला लावायची गरज नाही.

• पायरी चौथी : टॉवेल गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि डोक्याला गुंडाळा. १५ ते २० मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवा.

कंडिशनरऐवजी घरातल्या वस्तू वापरायच्या असतील तर जवसाचा गर उत्तम. दोन चमचे जवस दोन वाट्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट झालं की गरम असतानाच गाळा, थंड झाल्यावर गाळता येत नाही! रात्रभर भिजवून वाटलेल्या मेथ्यांचाही असाच बुळबुळीत गर होतो. कोरफडीचं पान कापल्यावर ते उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या. त्या चिकाने खाज येऊ शकते. मगच आतला पारदर्शक गर घ्या.

अंड्याबद्दल लोक विचारतात. अंड्यातल्या प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याइतके लहान नसतात. ते केसावर तात्पुरता थर देतात, इतकंच. शिवाय गरम पाण्याने धुतलं तर केसातच अंडं शिजतं! ते भाजीत घातलेलं बरं.

आणि हो, रंगपंचमीला मुलांना घराबाहेर सोडण्याआधी केसांना खोबरेल तेल अवश्य लावा. रंग केसावर आणि टाळूवर कमी बसतो आणि लवकर निघतो.

५) केस का पिकतात?

केसाच्या मुळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. केस तयार होत असतानाच त्या त्यात रंग भरतात. वयानुसार या पेशींचा साठा संपत जातो आणि मग नवा केस रंगाविनाच उगवतो. म्हणजे केस "राखाडी" नसतो. काळ्या आणि पांढऱ्या केसांच्या मिश्रणामुळे डोकं राखाडी दिसतं. उन्हाने काळा केस थोडा तांबूस होतो, पण नवा केस पांढरा उगवण्याचं कारण ऊन नव्हे. म्हणजे मोठी माणसं म्हणतात ते शास्त्राच्या दृष्टीनेही खरंच आहे.

केस कधी पिकणार हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरतं. आशियाई लोकांमध्ये पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर त्याला अकाली पिकणं म्हणतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि धूम्रपान यांचाही त्याच्याशी संबंध आढळलेला आहे. यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, एक पांढरा केस उपटला की दहा उगवतात हे खरं नाही. एका मुळातून येतो तो एकच, पण उपटून उपटून ते मूळ दुखावतं. दोन, उगवून आलेला पांढरा केस कोणतंही तेल लावून पुन्हा नैसर्गिक काळा होत नाही. रंग भरण्याचं काम मुळाशी होतं आणि वर आलेला भाग तर मेलेला असतो. त्यामुळे "पंधरा दिवसांत पांढरे केस मुळापासून काळे" अशी जाहिरात दिसली की पाकीट पुन्हा खिशात ठेवायचं.

६) पांढरे केस झाकण्याचे तीन मार्ग

आधी हे सांगायला हवं की पांढरे केस हा आजार नाही. झाकणं किंवा न झाकणं ही ज्याची त्याची आवड. झाकायचेच असतील तर घरगुती मार्ग तीन.

मार्ग पहिला : शुद्ध मेंदी. मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचं नारिंगी-तांबडं रंगद्रव्य असतं. ते केराटिनशी घट्ट जोडलं जातं, म्हणून सहज धुऊन जात नाही. मेंदीने पांढरा केस नारिंगी किंवा तांबूस होतो. काळा होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. चहाच्या पाण्यात आणि लोखंडी कढईत भिजवल्यावर मिश्रण काळपट दिसतं, कारण चहातलं टॅनिन आणि लोह यांचा काळा संयोग होतो. त्याने रंग जरा गडद होतो, इतकंच. लेप दोन ते तीन तास ठेवून साध्या पाण्याने धुवावा. रंग पुढच्या एक-दोन दिवसांत खुलतो. मेंदीने केस कोरडे वाटतात, म्हणून दोन दिवसांनी वरची ओलाव्याची कृती करावी.

मार्ग दुसरा : मेंदी आणि नंतर नीळ. इतिहासात आपण चंपारण्याचा १९१७ चा सत्याग्रह शिकवतो. तिथल्या शेतकऱ्यांना वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत जे पीक सक्तीने लावावं लागे, तीच ही नीळ. तिच्या पानांची पूड केसांसाठी मिळते. (कपड्यांना देतो ती नीळ पूर्णपणे वेगळी वस्तू आहे, ती चुकूनही डोक्याला लावू नका.) आधी मेंदी लावून धुवायची. मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची. ती फार वेळ भिजवून ठेवली तर तिचा जोर जातो. तास-दीड तासाने धुवायचं. तांबड्यावर निळा चढला की केस गडद तपकिरी ते काळे दिसतात. या मार्गात जवळजवळ एक दिवस जातो, पण रंग खरोखर वनस्पतीचा असतो. तरीही कोणत्याही वनस्पतीची ॲलर्जी असू शकते, त्यामुळे आधी थोडं हातावर लावून पाहा.

मार्ग तिसरा : कायमचा डाय. यात साधारणपणे दोन भाग असतात, रंगाचं क्रीम आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा डेव्हलपर. अमोनिया किंवा तसाच आम्लारीधर्मी पदार्थ खवले उघडतो. रंगाचे लहान बिनरंगी रेणू आत जातात. तिथे ऑक्सिडीकरण होऊन त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात आणि ते बाहेर येऊ शकत नाहीत. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये युजीन श्युलर या रसायनतज्ज्ञाने असे डाय तयार करून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून तत्त्व जवळपास तेच आहे. काळ्या डायमधला सर्वांत सर्रास वापरला जाणारा घटक म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमीन, थोडक्यात पीपीडी.

७) "काळी मेंदी" : नावावर जाऊ नका

आता तो सुरुवातीचा प्रश्न. शुद्ध मेंदी कधीच काळी रंगवत नाही, हे आपण पाहिलं. मग पाण्यात कालवून अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी पुडी कशाची असते? बहुतेक वेळा ती मेंदीच्या पुडीत मिसळलेला पीपीडीचा डाय असते. काही जण निळीच्या पुडीलाही काळी मेंदी म्हणतात, म्हणून पुढच्या बाजूचं पानाफुलांचं चित्र न बघता मागच्या बाजूचे घटक वाचा. "हर्बल" लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असं नव्हे. "अमोनिया-फ्री" म्हणजेही पीपीडी-फ्री नव्हे. नैसर्गिक म्हणून विश्वासाने घ्यावं आणि तिने केसाने गळा कापावा, असा हा प्रकार आहे.

पीपीडीचं काय होतं? बऱ्याच जणांना काहीच होत नाही. पण काहींची त्वचा त्याच्याविरुद्ध संवेदनशील बनते. आणि हे पहिल्याच वेळी होईल असं नाही, दहा वर्षं तोच डाय वापरणाऱ्यालाही अकराव्या वर्षी होऊ शकतं. कपाळावर, कानामागे, मानेवर खाज, पाणी सुटणारं पुरळ, डोळे बंद होतील इतकी सूज. काहींच्या कपाळावर काळपट डाग राहतात, काहींना पांढरे चट्टे पडतात. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते. कंपनी बदलून उपयोग नसतो, घटक बदलावा लागतो.

मुलांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. जत्रेत किंवा लग्नात हातावर दहा मिनिटांत काळीकुट्ट रंगणारे कोन मिळतात. त्यांतही पीपीडी असू शकतं. त्यातून लहानपणी ॲलर्जी जडली तर पुढे मोठेपणी डाय लावताना तिचा स्फोट होतो. ओळख सोपी आहे : खरी मेंदी काढल्यावर आधी नारिंगी दिसते आणि दुसऱ्या दिवशी गडद होते. लगेच काळी झाली तर ती नुसती मेंदी नव्हे. तान्ह्या बाळांना तर खरी मेंदीही लावू नका. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये मेंदीमुळेही रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.

८) पॅच टेस्ट : दोन दिवसांची परीक्षा

आपल्या देशात पीपीडीच्या डायवर इशारा आणि चाचणीची सूचना छापणं बंधनकारक आहे. आपण ती वाचत नाही, पाकीट फोडून मोकळे होतो. म्हणून ती इथे मराठीत :

१. कानामागची किंवा कोपराच्या आतली नाण्याएवढी जागा धुऊन कोरडी करा.
२. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे थोडासा डाय तयार करून तिथे लावा आणि वाळू द्या.
३. पाकिटावर बहुधा २४ तास लिहिलेलं असतं. पण ॲलर्जी कधी कधी उशिरा उमटते, म्हणून ४८ तास थांबा. रविवारी डाय लावायचा असेल तर चाचणी शुक्रवारी सकाळी करा.
४. खाज, लाली, फोड काहीही आलं तर लगेच धुवा. तो डाय वापरू नका आणि तसाच घटक असलेला दुसराही नको.
५. चाचणी प्रत्येक वेळी करा. मागच्या वेळी काही झालं नाही, हा पुरावा नव्हे.

डाय लावताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन लावा. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या. टाळूला जखम, फोड किंवा ओरखडे असतील तर तो दिवस टाळा. पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका. भुवया, पापण्यांना हा डाय कधीही लावू नये, दृष्टी जाण्याचा धोका असतो. मिशीला लावणाऱ्यांनीही ओठ-नाक सांभाळावं. केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतात, तेव्हा दर वेळी सगळा केस रंगवायची गरज नसते. फक्त मुळाशी आलेला पांढरा भाग रंगवा, बाकीच्या केसांची झीज वाचते. गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

९) घरात मुलं असतील तर हे वाचाच

पीपीडीचा डाय पोटात गेला तर ते जिवावर बेतणारं विष आहे. चेहरा, जीभ आणि घसा सुजून श्वास कोंडतो, स्नायूंची हानी होते, लघवी गडद तपकिरी होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यावर ठरावीक उतारा नाही, म्हणून वेळेत रुग्णालय गाठणं हाच उपाय. तेव्हा :

• डायची पाकिटं, बाटल्या कुलपात ठेवा. बाथरूमच्या फळीवर नकोत.
• कालवलेला डाय जेवणाच्या वाटीत किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. उरलेला लगेच टाकून द्या.
• पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि रिकामं पाकीट सोबत न्या.
• डाय लावल्यावर चेहऱ्याला सूज आली किंवा श्वासाला त्रास झाला तरी हेच करा.

१०) आठवी-नववीतल्या मुलाचे केस पिकले तर?

वर्गात असा एखादा विद्यार्थी असतो आणि त्याला "म्हाताऱ्या" अशी हाक पडायला वेळ लागत नाही. मूल शाळेला टाळू लागतं, घरी डायचा हट्ट धरतं आणि आईवडील कळवळून तो आणून देतात.

पालकहो, इथे थांबा. युरोपात अशा डायवर "१६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही" असा इशारा छापतात. मुलाला आधी डॉक्टरांकडे न्या. बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी ते सुचवतील. बी-१२ हे प्राणिजन्य अन्नातून मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरात दूध, दही, ताक, पनीर यांकडे लक्ष हवं. कमतरता भरून काढल्यावर काहींचे नवे केस पुन्हा काळे उगवल्याचं आढळलं आहे. तसं नसेल आणि घराण्यातच लवकर केस पिकत असतील, तर मुलाला ते सरळ सांगा : "तुझ्या आजोबांचेही असेच होते, यात घाबरण्यासारखं काही नाही."

शिक्षकांनो, आपलं काम त्या मुलाला समोर उभं करून समजावण्याचं नाही. मेलॅनिनचा पाठ सगळ्या वर्गाला शिकवा. कारण समजलं की चिडवण्यातली मजा बरीचशी निघून जाते. तरीही चिडवणारा एखादा राहिलाच, तर त्याच्याशी एकट्याने बोला. आणि स्नेहसंमेलनात आजोबांची भूमिका असेल तर केसांना टाल्कम पावडर पुरते, रंगाचा फवारा नको.

११) वर्गासाठी तीन उपक्रम

उपक्रम १ : साबण की रिठा? हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या घ्या. एका पट्टीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, दुसरीवर रिठ्याच्या पाण्याचा. साबणाने पट्टी लालसर होते, रिठ्याने पिवळीच राहते. आम्ल-आम्लारी दर्शक शिकवताना उपयोगी.

उपक्रम २ : कढईचं गुपित. एका पेल्यात चहाचं कोरं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि दोन गंजलेले खिळे. दुसऱ्या दिवशी दुसरा पेला शाईसारखा काळा दिसतो. जुन्या काळची लिहिण्याची शाई टॅनिन आणि लोहाच्या याच संयोगातून बनत असे.

उपक्रम ३ : पाकीट वाचन. मुलांनी घरून शांपू, तेल, मेंदी यांची रिकामी आणि पुसलेली पाकिटं आणावीत. (डायची नकोत, ते फक्त शिक्षकांनी दाखवावं.) पुढच्या बाजूला काय लिहिलंय, मागे काय लिहिलंय, असा दोन रकान्यांचा तक्ता करावा. भाषा आणि विज्ञान दोन्हींचा अभ्यास एकदम होतो. आणि संध्याकाळी घरी जाऊन हीच मुलं आईबाबांचं पाकीट वाचू लागतात, हा खरा फायदा.

थोडक्यात सांगायचं तर

• टाळू सौम्य पदार्थाने धुवा, न्हाण्याआधी तेल लावा, केसांच्या टोकांना कंडिशनर लावा.
• वर आलेला पांढरा केस पुन्हा नैसर्गिक काळा होत नाही, तो फक्त रंगवता येतो.
• मेंदी तांबडी रंगवते. पटकन काळं करणाऱ्या पुडीचे घटक वाचल्याशिवाय ती घेऊ नका.
• प्रत्येक डायआधी ४८ तासांची पॅच टेस्ट.
• डाय मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, कुलपात.

पुढच्या पालकसभेत यातले आठवा आणि नववा असे दोन मुद्दे तरी आवर्जून वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतील. आणि आज घरी गेल्यावर बाथरूमच्या फळीवरची पाकिटं एकदा उलटी करून पाहा.